अकरा घोडे गेले कुठे?

आमच्या आसनवाडीत चोरी झाली होती आणि चोरीला गेलेली वस्तू कुणी कधी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नव्हती. गेले होते अकरा घोडे, तेही गावाच्या जीपमधून. चोर कोण हे मात्र सगळ्या गावाला माहीत झालं होतं, कारण भर ग्रामपंचायतीत बोलून मी मोकळी झाले होते.

जरा मागे जाऊन सांगते. आसनवाडी घाटमाथ्यावर आहे. आता २०६४ साल चालू आहे, आजारी माणसाला न्यायला उडती रुग्णवाहिका येते, आमच्याकडेही येते, पण धुकं नसेल तरच. आणि आमच्याकडे वर्षातले चार महिने धुकं असतं. तेव्हा गावाची जुनी जीप कामाला येते. ती करंजाच्या तेलावर चालते, खोकते, धूर सोडते, पण अठरा वळणांचा घाट उतरून पेशंटला दवाखान्यात पोचवते आणि पुन्हा वर येते. तिला चालवणारे आणि दुरुस्त करणारे एकच, धनाजीमामा. वय सत्तर. माझा धाकटा भाऊ या जीपच्या मागच्या सीटवरच जन्मला, आणि तेव्हा गाडी बाजूला घेऊन देवाचं नाव घेत बसले होते ते हेच मामा.

यंदा नवा नियम आला. पेशंट नेणाऱ्या गाडीची ताकद तिच्या चाकांशी मोजायची आणि ती निदान पन्नास अश्वशक्ती भरायला हवी. (अश्वशक्ती म्हणजे पंचाहत्तर किलोचं ओझं एका सेकंदात एक मीटर वर उचलण्याइतकी ताकद. गाडीवाले तिला नुसतं ‘घोडा’ म्हणतात.) मोजायला तालुक्याहून एक यंत्रमानव आला. त्याचं खरं नाव चौदा आकडी होतं. ते कुणालाच पाठ होईना, म्हणून आम्ही शाळेतल्या पोरांनी त्याला नोंद्या म्हणायला सुरुवात केली. त्याने त्याचीही नोंद घेतली.

सोमवारी नोंद्याने शाळेच्या मैदानात रूळ मांडले. (रूळ म्हणजे जमिनीलगत बसवलेले जाड लोखंडी दंडगोल. गाडी त्यांच्यावर उभी राहून जागच्या जागी धावते, आणि चाकं त्यांना किती जोर लावून फिरवतात त्यावरून ताकद कळते.) मामांनी जीप वर चढवली आणि दाबून पळवली. पडद्यावर आकडा आला, बावन्न. जीप पास झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या, मामांनी रुमालाने मान पुसली. एवढ्यावर गोष्ट संपायला हरकत नव्हती.

पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. जीपच्या कप्प्यात तिचं मूळ पुस्तक होतं, पिवळं पडलेलं. मी ते उघडलं. त्यात लिहिलं होतं, इंजिनाची ताकद त्रेसष्ट अश्वशक्ती. त्रेसष्टातून बावन्न गेले की उरतात अकरा. आणि मामांनी गेल्याच महिन्यात इंजिन खोललं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. मी तशीच ग्रामपंचायतीत गेले. आमची प्राजक्ताआत्ती तिथे सरपंच आहे आणि पाच-सहा माणसं बसली होती. सगळ्यांसमोर मी म्हटलं, “मामांनी इंजिन उघडल्यापासून जीपचे अकरा घोडे गायब आहेत.”

मी चोरी हा शब्द उच्चारला नव्हता. तो गावाने लावला. दुपारपर्यंत मामांनी चांगले भाग काढून विकले अशी बोलवा उठली, आणि संध्याकाळपर्यंत ते कितीला विकले हेसुद्धा लोकांना ठाऊक झालं. राईचा पर्वत म्हणतात तो हाच. मंगळवारी सकाळी आत्तीने मला सांगितलं की मामा गुरुवारच्या बसने इचलकरंजीला लेकीकडे निघालेत, कायमचे. हे माझ्यामुळे झालं, हे मला कळत होतं. पण खरं सांगायचं तर मनात एक हट्टी किडाही वळवळत होता. मामा गेले तर वाईट, पण मग ते अकरा घोडे आहेत तरी कुठे?

मी नोंद्याकडे गेले आणि सरळ विचारलं, घोडे कुणी नेले.

“आपण दोन आकडे दोन वेगवेगळ्या ठिकाणचे घेतले आहेत,” तो म्हणाला. “त्रेसष्ट हा आकडा इंजिनाशी मोजलेला आहे. बावन्न हा चाकांशी.”

मला काही कळलं नाही. इंजिन त्याच जीपचं आणि चाकंही त्याच जीपची. मग त्याने समजावून सांगितलं. कारखान्यात इंजिन गाडीत बसवण्याआधी एका चौकटीवर ठेवून एकटंच पळवतात आणि त्याची ताकद मोजतात. पुस्तकात छापतात ती ही. गाडीत बसल्यावर मात्र ती ताकद लांबून लांबून चाकांपर्यंत जाते. आधी गिअरबॉक्स (लहानमोठ्या दातेरी चाकांची पेटी, चढाला जोर आणि सपाटीला वेग देणारी), मग लांब फिरता दांडा, मग मागच्या आसावरचा गोळा (दांड्याचं फिरणं वळवून दोन्ही चाकांना वाटून देणारा), आणि शेवटी टायर. प्रत्येक टप्प्यावर थोडी ताकद जाते. शाळेत टाकी भरताना आपण रांगेत उभे राहून बादल्या हातोहात पुढे देतो, तेव्हा शेवटच्या पोराकडे बादली पूर्ण भरलेली पोचत नाही, तसंच हे आहे, असं तो म्हणाला.

हे ऐकून मी जास्तच गोंधळले. बादलीतलं पाणी सांडलं तर जमीन ओली झालेली दिसते. मग सांडलेले घोडे कुठे पडलेत? मैदानात तर मला टिपूसही दिसला नव्हता. शिवाय ही सांडलवंड सांगायला सोपी, पण ती अकराच घोड्यांची आहे हे कशावरून? उद्या चोरही म्हणेल, वाटेत सांडलं.

नोंद्याला राग येत नाही, हे बरं आहे. त्याने मैदानापुरती जीप चालवायला आत्तीला बोलावलं, जीप पुन्हा रुळांवर घेतली आणि नवा प्रयोग दाखवला. गाडी जोरात पळवायची आणि मग क्लच दाबायचा. (क्लच दाबला की इंजिन आणि गिअरबॉक्स यांचा संबंध सुटतो.) आता चाकांना ढकलणारं कुणी नाही. तरी रूळ, चाकं, गोळा, दांडा सगळं आपल्या वेगाने फिरत राहतं आणि हळूहळू मंदावतं. ते जितक्या लवकर मंदावेल, तितकी जास्त ताकद वाटेतले भाग खातात असं समजायचं. रुळांचा स्वतःचा वाटा नोंद्याने आधीच वजा केला होता. आकडा आला, नऊ.

बावन्न आणि नऊ एकसष्ट. म्हणजे दोन घोडे अजून बेपत्ता होते. मला रडू यायला लागलं. अकराची चोरी दोनवर आली होती, पण गावाला काय, दोन घोडे चोरले तरी चोर तो चोरच. नोंद्या म्हणाला की इंजिन ओढत असताना नुकसान वाढतं. ते का वाढतं, हे विचारल्यावर त्याने मला एक समीकरण दाखवलं आणि मी उठून चालू लागले.

मी मामांच्या शेडवर पोचले तेव्हा ते नट आवळायचे पाने एकेक करून तेलकट फडक्यात गुंडाळत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काम चालू ठेवलं. माफी मागायला आले होते, पण भलतंच विचारलं. घाट चढून आल्यावर मामा दरवेळी जीपखाली सरकतात आणि प्रत्येक भागाला उलटा हात लावून बघतात. ते कशासाठी, असं मी विचारलं.

मामांनी आणखी एक पाना गुंडाळला. मग फडक्याला गाठ मारत म्हणाले, “गरम किती झालंय ते बघतो. पेशंट घेऊन चढ चढलं की गिअरबॉक्सला हात ठरत न्हाई, चटका बसतो. तीच गाडी रिकामी उतारानं आली की नुसती कोमट असती. रिकामी असून चटका बसला, तर समजायचं आत कायतरी बिघडलंय.”

“पण गरम का होतं?”

“दात दातावर घासतंय की. वजन ओढताना दात एकमेकाला जास्त दाबत्यात, मग जास्त घासतंय. थंडीत हात चोळतीस न्हवं तू? दाबून चोळून बघ.”

मी तळहात एकमेकांवर दाबून चोळले. ते तापले. आणि एकदम माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सांडलेले घोडे जमिनीवर पडतच नाहीत. ते उष्णता होतात. गिअरबॉक्स तापतो, गोळा तापतो, टायर तापतात, आणि ती उष्णता हवेत निघून जाते. म्हणूनच ती मला दिसली नव्हती. आणि नोंद्याने मोजलेले नऊ घोडे रिकामं फिरतानाचे होते. तेव्हा दात एकमेकांवर नुसते टेकलेले असतात. इंजिन जोर लावून ओढत असताना ते दाबले जातात, म्हणून नऊपेक्षा जास्त जाणारच. दोन घोड्यांचा ठावठिकाणा लागला होता, आणि तो चाळीस वर्षं चटके खाल्लेल्या हाताला आधीपासून माहीत होता.

मी धावत नोंद्याकडे गेले. त्याने जीप रुळांवर एकदा रिकामी फिरवून आणि एकदा जोर लावून पळवून घेतली, आणि दोन्ही वेळा आपल्या उष्णता ओळखणाऱ्या डोळ्याने गिअरबॉक्स पाहिला. रिकामा फिरवला तेव्हा तो कोमट निघाला आणि जोर लावून पळवला तेव्हा खूपच तापला. नोंद्याने ‘उलटा हात’ ही तपासणीची पद्धत म्हणून नोंदवून घेतली.

मग त्याने एक शेवटचं गणित घातलं. अशा जुन्या जीपा त्याने चारशेच्या वर मोजल्या होत्या. त्यांत इंजिनाच्या ताकदीच्या शंभर भागांतले पंधरा ते वीस वाटेत जातात. मग आपल्या इंजिनाची ताकद किती असावी? मी बावन्नाचे पंधरा टक्के काढून बावन्नात मिळवले. साठसुद्धा भरेना. वीस टक्के मिळवले तरी बासष्टच्या थोडं वर. पुन्हा घोडे कमी! नोंद्या म्हणाला की टक्के इंजिनाच्या ताकदीचे आहेत आणि मी ते चाकांच्या ताकदीवर काढले. बावन्न म्हणजे शंभरातले उरलेले पंच्याऐंशी किंवा ऐंशी भाग. म्हणून भागायचं. बावन्न भागिले पंच्याऐंशी, गुणिले शंभर, एकसष्ट. बावन्न भागिले ऐंशी, गुणिले शंभर, पासष्ट. इंजिन एकसष्ट ते पासष्टच्या मध्ये कुठेतरी असणार. पुस्तकातला त्रेसष्ट बरोबर मधोमध बसत होता.

“हा अंदाज आहे,” नोंद्याने बजावलं. “इंजिन बाहेर काढून मोजल्याशिवाय नेमका आकडा मिळणार नाही. पण या इंजिनातून काही काढून घेतलं आहे, असं मानायला माझ्याकडे एकही कारण नाही. इतकं जुनं इंजिन असं राहिलं आहे, ते निगा राखल्यामुळे.”

गुरुवारी सकाळी सगळं गाव बसपाशी जमलं होतं. मामांची पिशवी बसमध्ये चढली होती. मी बसच्या पायरीवर उभी राहिले आणि सगळं सांगितलं, रूळ, नऊ, दोन, चटका, भागाकार. शेवटी म्हटलं, “कुणीच काही चोरलेलं नाही. मला कळलं नव्हतं आणि तरी मी बोलले. चुकलं माझं, मामा.”

कुणीतरी विचारलं की मग अशी ताकद वाया न जाणारी गाडी कधी निघणार. नोंद्याने सांगितलं की चाकातच मोटर बसवलेल्या गाड्या आता घाटात चालवून बघतायत, त्यांत वाटच लहान असते, म्हणून नुकसानही कमी. शून्य मात्र कधीच होणार नाही. पण कमी करत नेणं आपल्या हातात आहे, आणि मोठी झाल्यावर मला तेच करायचं आहे, हे तिथेच मी ठरवून टाकलं.

मामा एवढा वेळ खाली बघत उभे होते. काल-परवा ज्यांनी भाव ठरवले होते ती माणसं आता त्यांच्या नजरेला नजर देत नव्हती. मामा माझ्याजवळ आले.

“तू बोललीस ते सगळंच्या सगळं न्हाई पोचलं, पोरी,” ते हळू आवाजात म्हणाले. “लई वाटंतच गेलं. पण चढ चढायला पुरंल एवढं पोचलं.”

त्यांनी हात वर करून बसमधली पिशवी खाली घेतली. बस त्यांना न घेताच सुटली.