शेवट न ठेवलेली चाल

तिचं तोंड आ वासलेलं, गालात कापूस कोंबलेला, आणि अशा शोभिवंत अवस्थेत दवाखान्यातल्या स्पीकरवर तिला स्वतःचीच चाल ऐकू आली. शिकवण्या आटोपून पियानोवर बसवलेली, ‘चिमणी’ या टोपणनावानं नेटवर ठेवलेली! पण शेवट…? शेवट तिचा नव्हताच. तिथे एक बासरी अलगद आत आली होती.

“छान आहे ना?” दातांचा डॉक्टर म्हणाला. तरुण होता, मास्कवरचे डोळे भलतेच हसरे. “कुणी चिमणी आहे, तिनं मोकळी ठेवलीय. घ्या, बदला, फक्त तिचं नाव सांगा आणि बदललेलंही असंच सगळ्यांसाठी मोकळं ठेवा. बाईंना शेवट काही जमला नव्हता, म्हणून बासरीवर मी लावला.”

“आं… आंऽऽ!”

“दुखलं?”

तिनं कापूस थुंकला. “ती चिमणी मीच!”

डॉक्टरचे कान लालबुंद झाले. आणि तेच तिला फार आवडलं.

मग काय विचारता! तिनं चाल ठेवावी, त्यानं बासरी जोडावी, तिनं त्या बासरीची पुन्हा खोडी काढावी. ऐकणारे वाढत गेले.

“दात एक आणि फेऱ्या किती गं?” आईनं विचारलं.

“कीड खोल आहे,” ती म्हणाली. आई गालातल्या गालात हसली.

अशात एका संगीत कंपनीनं करार पाठवला. दरमहा ठरलेले पैसे, शिकवण्यांच्या धावपळीतून कायमची सुटका. अट एकच — यापुढच्या चाली फक्त कंपनीच्या, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. ती कागद घेऊन थेट दवाखान्यात गेली.

“करा सही,” तो खिडकीतल्या पावसाकडे बघत म्हणाला. “चांगलं मिळतंय, सोडू नका.”

“बस्स? एवढंच?” तिला रडूच यायला लागलं.

“माझ्यासाठी थांबा, असं कुठल्या तोंडानं म्हणू?… पण वाईट वाटतंय. फार वाटतंय.”

ती तडक घरी आली. कंपनीला नकार कळवला. ऐकणाऱ्यांना सरळ लिहिलं, की चाली मोकळ्याच राहतील. आवडत असतील त्यांनी दरमहा जमेल तेवढा हातभार लावावा. खाली नवी चाल जोडली. पहिली वर्गणी आईची आली. मग कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांच्या येऊ लागल्या. कंपनीइतके पैसे नव्हते, पण काही शिकवण्या सोडता येतील अशी आशा वाटू लागली.

संध्याकाळी दारात डॉक्टर. चिंब भिजलेला, हातात बासरी.

“नवी चाल… मध्येच थांबलीय. शेवट राहिलाय.”

“राहिला नाही. मुद्दाम ठेवला नाही.”

“मग… मी लावू?”

“एकट्यानं? अजिबात नाही,” ती म्हणाली. “आवडता तुम्ही मला. आत या, दोघं मिळून लावू.”

त्याचे कान पुन्हा लाल झाले. “मलाही तुम्ही… अगदी पहिल्या दिवसापासून. तो कापूस थुंकलात ना, तेव्हापासून!”