कीबोर्ड म्हटलं की

शिंचू शहरात दुपारचा वारा सुटला की आमच्या वर्कशॉपचं शटर खडखडायला लागतं. त्या खडखडाटातच मी आणि चुंग-यी भांडत होतो.

त्याची धाकटी बहीण यिंग-शिऊ अपघातानंतर इस्पितळात निपचित पडून होती. "तिला सगळं कळतं, श्वास तिच्या ताब्यात आहे," असं तो सांगून थकला. डॉक्टरांना पटत नव्हतं. संध्याकाळपर्यंत खूण दिसली नाही तर उपचार थांबवून तिला नुसत्या देखभालीच्या शुश्रूषागृहात धाडणार होते. पोरगी हौशी रेडिओवाली, मोर्स लिपी तोंडपाठ. म्हणून आम्ही लांब-आखूड फुंकरींची अक्षरं करणारी डबी बनवली. अडलं होतं एवढंच, की यूएसबीवरून ती संगणकाशी बोलणार कुठल्या पद्धतीनं?

"सीरियल पोर्ट करू, वेन ताई. सरळ काम."

"डोंबलाचं सरळ! इस्पितळाच्या संगणकात आपला प्रोग्राम टाकू द्यायला तुझा काका बसलाय तिथं? कीबोर्ड म्हणून ओळख करून दे. कीबोर्ड म्हटलं की कुठलाही संगणक आत घेतो. टाइप कोण करतंय, विचारत नाही."

"बरं बाई, तुझंच खरं." त्यानं संगणकावर खाऊचं हिरवं पाकीट ठेवलं. यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतातच. मी हसले, पण तारीख उलटली नाही ना, ते बघून घेतलं.

डबी जोडली. तिच्या फुंकायच्या नळीला अजून कुणी तोंड लावलं नव्हतं.

पडद्यावर अक्षरं उमटली : मानेखाली टोचतंय.

"चावटपणा पुरे," मी म्हणाले.

चुंग-यीचे दोन्ही हात खिशात होते. तो पांढराफटक पडला होता.

मी नळी उपटली. सेन्सरची तारही काढली. यूएसबीचं उपकरण आपणहून बोलत नसतं. संगणक सारखा विचारतो, 'काही आहे का?', तेव्हाच ते उत्तर देतं.

उत्तर येतच राहिलं. उशी. उशी.

त्यानं वॉर्डात फोन लावला. नर्सनं उशी उचलली. खाली सुईचं टोपण होतं.

"तुम्हाला कसं हो कळलं?" तिनं विचारलं.

आम्ही डबी घेऊन स्कूटरवर सुसाट निघालो.

डॉक्टर खाटेपाशी संगणक उघडून उभेच होते. चुंग-यीनं नळी तिच्या ओठांना लावली. मी डबीची वायर घेऊन वाकले, संगणकाच्या मागं भोक चाचपायला लागले.

"अरे, चालतंय की!" डॉक्टर ओरडले.

पडद्यावर होतं : दादा, केस काप. माकड दिसतोस.

चुंग-यी हसता हसता ढसाढसा रडला. मलाही राहवेना. आता तिला इथून कोण हलवतंय!

वायरचं टोक अजून माझ्या हातातच होतं.