बगरूच्या मैदानातला कोल्हा

मी विमा कंपनीत अधिकारी. साताऱ्याहून बदली होऊन जयपूरला आलो त्याला आता पाच वर्षं झाली. सुट्टीचा वेळ जाता जाईना, तेव्हा कॉलेजात असतानाचा हॅम रेडिओचा, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांचा, छंद पुन्हा बाहेर काढला आणि इथल्या क्लबात जाऊ लागलो. तिथे जयंतीताई भेटल्या. मूळच्या नागपूरच्या, भौतिकशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका. आमच्यात पहिल्या दिवसापासून चुरस होती, आणि दोघंही ती फार सभ्यपणे झाकून ठेवत होतो.

दर जानेवारीत क्लब 'कोल्हा' लपवतो. कोल्हा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढा ट्रान्समीटर. तो मोर्समध्ये एकच अक्षर पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. आपण कानाला हेडफोन लावून, अँटेना हातात धरून गोल फिरायचं, आवाज सगळ्यात मोठा येईल त्या दिशेला निघायचं. जो आधी पोचेल तो जिंकला. चार वर्षं जयंतीताईच जिंकल्या. चारही वेळा त्यांनी मला थर्मासमधला चहा दिला आणि म्हणाल्या, "तुम्ही जवळच होते हो, श्रीपादराव." चारही वेळा मी हसून अभिनंदन केलं.

पाचव्या वर्षी, स्पर्धेच्या दिवशी सकाळी आठ वाजता, मी मोबाइलवर समितीला पत्र लिहिलं. जयंतीताईंना कोल्ह्याची जागा आधीच कळते, असा मला संशय आहे. मग 'संशय' खोडून 'खात्री' केलं. पाठवलं नाही. आज हरलो तर पाठवायचं, असं ठरवून स्कूटर काढली.

नऊ वाजता जयपूरच्या वेशीवरच्या भांकरोट्याहून सगळे निघाले. मला सिग्नल अजमेर रोडवरून पश्चिमेला ओढत होता. मध्ये काही मिनिटं तो गेला, मग पहिल्यापेक्षा स्वच्छ आला. पावणेअकराला मी बगरूत होतो. गावाबाहेरच्या मोकळ्या मैदानावर छापलेली कापडं उन्हात वाळत घातली होती. निळीच्या हौदांचा आंबूस वास येत होता. कारागिरांची सुट्टी असावी, कारण माणूस एकही दिसत नव्हता.

मी अँटेना फिरवला. सिग्नल मोजणाऱ्या मीटरची सुई थेट टोकाला गेली. अँटेनाच्या रेषेत, मैदानाच्या पलीकडच्या कडेला, जयंतीताई उभ्या होत्या. त्यांचा अँटेना माझ्याकडे रोखलेला होता.

"सापडला का?" मी ओरडून विचारलं.

"मला वाटलं, तुमच्याजवळ आहे!"

कापडं चुकवत आम्ही मध्यावर आलो. त्यांनी आपली पिशवी उघडून दाखवली, मी माझी. दोन्हीकडे काही नव्हतं. मी दहा पावलं डावीकडे गेलो, त्यांचा अँटेना माझ्यामागे वळला. त्या चालल्या, माझा त्यांच्यामागे.

तेवढ्यात क्लबचा सेक्रेटरी दिनकर याचा फोन आला. त्याचा जन्म जयपूरचाच, मराठी हिंदीच्या वळणाची.

"श्रीपादजी, कुठे आहात? कोल्ह्याची बॅटरी साडेनऊलाच गेली. मतलब, स्पर्धा रद्द. सगळे परत आले."

"आम्हाला सिग्नल येतोय. बगरूत."

"बगरू? कोल्हा तर इथे भांकरोट्यातच होता, भैया. आता माझ्या हातात आहे. बंद."

फोन ठेवला. हेडफोनमधला आवाज चालूच होता. आणि आता लक्षात आलं की ते एकच अक्षर नव्हतं. बरीच अक्षरं होती.

"श्रीपादराव," जयंतीताई हळू आवाजात म्हणाल्या, "मजकूर आहे हा. लिहून घ्या. मी पण लिहिते."

आम्ही एकमेकांकडे अँटेना धरून उभे राहिलो आणि लिहीत गेलो. मोर्समध्ये त्यांचा हात माझ्यापेक्षा जास्त चालतो. त्यांचं आधी झालं.

"इंग्रजी अक्षरांत मराठी आहे," त्या म्हणाल्या. "वाचू का? 'जयंतीताईंना जागा आधीच कळते. संशय नाही. खात्री आहे.'"

माझे कान तापले. ते पत्र माझ्या खिशात, मोबाइलमध्ये होतं. कुणाला दाखवलेलं नव्हतं.

"तुमचं आहे काय हे?"

"हो," मी म्हणालो. दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं.

"अन् तुम्हाला काय आलं?"

मी माझी अक्षरं जुळवली. 'यंदा त्यांना आधी पोचू दे.'

त्या ओशाळल्या. "पंधरा मिनिटं झाली मला येऊन. गाडीतच बसून होती मी. दरवर्षी चेहरा पडते तुमचा, पाहवत नाही. म्हटलं, एक वर्ष जिंकू देऊ. हे मी मनात म्हटलं हो. फक्त मनात."

मी त्यांच्यासमोर पत्र पुसून टाकलं आणि माफी मागितली. त्या म्हणाल्या, "जाऊ द्या. चहा घ्या." पाच वर्षांत पहिल्यांदाच आम्ही खरंखुरं हसलो.

इथे ते संपायला हवं होतं. पण आम्हा दोघांनाही कुतूहल होतं. सिग्नल कसा येतो, ते समजून घ्यायचं होतं. आम्ही पुन्हा अँटेना उचलले.

आता ते एकमेकांकडे वळत नव्हते. दोन्ही मैदानाच्या एकाच रिकाम्या कोपऱ्याकडे बोट दाखवत होते.

आम्ही लिहू लागलो. या वेळी दोघांच्या कागदावर तीच अक्षरं उतरली.

'दोघांना ऐकू येतंय.'

मग शांतता. मग पुन्हा तेच, जरा घाईने.

सुई टोकाला ठेवायला मला हात हळूहळू उजवीकडे न्यावा लागत होता. जयंतीताईंचाही हात तसाच सरकत होता. कोपऱ्यावरून कापडांवर. कापडांवरून रस्त्याकडे.

जयंतीताईंच्या गाडीपाशी सिग्नल थांबला. आवाज बंद झाला.

गाडीत कुणी नव्हतं. काचांतून आरपार दिसत होतं.

"श्रीपादराव, मला तुमच्या स्कूटरवर न्याल का?" त्यांनी विचारलं.

गाडी बिघडली, एवढंच आम्ही दिनकरला सांगितलं आणि किल्ली दिली. खरं सांगायला हवं होतं. काय सांगायचं, हे दोघांनाही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जयंतीताईंकडे बसलो असताना तो गाडी घेऊन आला.

"चांगली चालते की, जयंतीजी. फक्त मागच्या सीटचा सेन्सर खराब झालाय. कोणी बसलं नाही, तरी पट्ट्यासाठी पूर्ण रस्ता टूं-टूं, टूं-टूं. शेवटी रिकाम्या सीटला पट्टा बांधला, तेव्हा गप्प बसली."

जयंतीताईंनी किल्ली घेतली नाही.

"अन् इथं आल्यावर?"

"इथे आल्यावर सोडला ना," दिनकर म्हणाला. "तुमच्या दारातच."