पूजलेलं ड्रिल मशीन

रंजीताने नवऱ्याला कारंज्याला पाठवलं होतं ते पोरीचं खोकल्याचं औषध आणायला. अनुप औषध घेऊन आलाही. पण दारात टेम्पो थांबला तेव्हा मागे ताडपत्रीखाली माणसाएवढं काहीतरी उभं होतं.

"काय रे बाप्पा, कोनाचं मढं आनलं?" ओट्यावरून सासू, प्रयागबाई, ओरडली.

"ड्रिल मशीन हाय माय! जुनं, बिडाचं. भंगारात पडून व्हतं."

अनुप घरामागच्या टिनाच्या शेडात पिकातलं तण काढायचे, सायकलच्या चाकाचे डवरे बनवायचा. हातातल्या ड्रिलने भोकं तिरपी पडत, मग डवरा रानात लंगडत चाले आणि गिऱ्हाईक शिव्या देत परत येई. "आता भोक सरळच पडते पाय," तो म्हणाला. रंजीताने गंजलेल्या लोखंडावर हात ठेवला मात्र, तिच्या अंगातून आनंदाची लहरच गेली. आपल्याही दारात कारखाना!

मग काय विचारता! सकाळचा स्वयंपाक उरकला की ती पदर खोचून शेडात. रॉकेलचा बोळा, पॉलिश पेपर, जुना टूथब्रश. गंजाचा तांबडा चिखल नखांत बसला, पोळ्यांनाही रॉकेलचा वास येऊ लागला. गंजाखाली लेकराच्या पंजाएवढा एक जुना हळदीचा ठसा निघाला; तो मात्र कितीही घासला तरी जाईना. मधूनमधून मात्र ती धावत घरात जाऊन वैभवीला बघून यायची. पोरगी तीन वर्षांची, पायाला भिंगरी. शेडात खिळे, पत्रे... आईचा जीव थाऱ्यावर कसा राहील?

एक गोष्ट तेवढी विचित्र होती. ज्यावर लोखंड ठेवून भोक पाडायचं ती मशीनची प्लेट अनुप रोज वर चढवून बोल्ट आवळायचा. सकाळी पाहावं तर प्लेट खाली उतरलेली. रोज तेवढीच.

"बोल्ट घासला असंन," अनुप म्हणाला. त्याने नवा बोल्ट टाकला. सकाळी प्लेट पुन्हा खाली. त्या दिवशी वैभवी नजर चुकवून शेडात आली आणि प्लेटीपाशी उभी राहिली. प्लेट बरोबर तिच्या छातीशी येत होती. रंजीताने तिला झटकन उचलून घरात नेलं. पण हे बोलावं, तर सासू मशीन घरात ठेवू देईल? तिने स्वतःच प्लेट वर चढवून बोल्ट आवळला.

दसऱ्याला मशीन हिरव्या रंगात नवरीसारखं सजलं. झेंडूचा हार, नारळ, उदबत्ती. नव्या अवजाराला पहिला हात घरच्या लेकीचा, म्हणून वैभवीचा उजवा पंजा ओल्या हळदीत बुडवून मशीनवर उमटवला.

"झालं. आज हत्याराले आराम," प्रयागबाई म्हणाली. "उद्या चालवजा."

"एकच भोक, आत्याबाई! मले पायू तं द्या!" रंजीताला धीरच निघेना.

"काय वं हे उतावळेपन! पूजलेलं हत्यार चालवते का कोनी?"

पण अनुपलाही तेच हवं होतं. बटन दाबलं. पट्टा गुणगुणला, लोखंडाची चकचकीत साल वळत वर आली आणि पट्टीला भोक पडलं... सरळ, गोल, बांगडीसारखं! रंजीताने टाळ्याच वाजवल्या. तेवढ्यात लाईट गेली. मशीन थांबलं. हसतखिदळत सगळे पेढे खायला ओट्यावर आले.

वैभवी कुठंय?

रंजीता शेडाच्या दारात पोचली आणि तिचे पाय तिथंच रुतले. लाईट नव्हती, तरी भोक पाडणारं टोकदार बिट फिरत होतं. आवाज न करता. प्लेट खाली उतरली होती. वैभवीचा डावा हात तिच्यावर पसरलेला, आणि वरचं हँडल आपोआप फिरत होतं... सावकाश... बिट त्या इवल्या पंजाकडे येत होतं.

ती पाऊल उचलणार, तोच वैभवी मागे खेचली गेली आणि जमिनीवर बसकण मारून हसू लागली. बिट रिकाम्या प्लेटीवर करकरलं आणि थांबलं.

अनुप धावत आला. "बरं झालं, वेळेवर वढलं तू तिले!"

"मी... मी दारातच व्हती."

दोघांनी लेकीच्या डाव्या मनगटाकडे पाहिलं. त्यावर ओल्या हळदीची चार बोटं आणि अंगठा उमटला होता. वैभवीच्या पंजाहून मोठा, कोणत्या तरी सात-आठ वर्षांच्या लेकराचा हात; हिरव्या रंगाखाली दडलेल्या त्या जुन्या ठशाएवढा.

"आत्ताच्या आत्ता टेम्पो बलावतो," अनुप म्हणाला. "नाही पायजे हे मशीन."

रंजीताने पोरीला छातीशी घट्ट धरलं. "जाऊ द्या मशीन. पन अवो... ज्या लेकीनं हिले वाचवलं, ते बी त्याच्यासंगं जाईन का?"

रंजीताने पुन्हा मनगटाकडे पाहिलं. हळदीच्या बोटांखालची कोवळी कातडी हळूच आत दबली... एकेक बोट.

पकड अजून सुटलेली नव्हती.