उतरलेला ताप

नवी आली आहेस म्हणून सांगते. बालाघाटच्या या दवाखान्यात तुला दुसरं कोणी हे सांगणार नाही. त्या दुपारी मी डेंग्यूच्या वॉर्डात मच्छरदाण्या बांधायला गेले होते. आभाळ भरून आलेलं, लाइट गेलेली. फिनाइलच्या वासात ओल्या भिंतींचा वास मिसळला होता.

खिडकीजवळच्या खाटेवर भरवेली गावची पौर्णिमा होती. सातवा महिना. सकाळपर्यंत तिचं अंग नुसतं फणफणत होतं. आता उशाशी एक अनोळखी म्हातारी बसली होती, तिच्या कपाळावर हात ठेवून. नात्यातली असेल, असं मला वाटलं.

"उतरला व माय ताप!" पौर्णिमेची सासू तुळसाबाई हरखून म्हणाली. "या बाईनं हात लावला अन् उतरला."

मी थर्मामीटर लावला. ताप खरंच नव्हता. पण पौर्णिमेचे तळहात गार, घामेजलेले, आणि नाडी बारीक, भरभर चाललेली.

"पोटात लई दुखून राह्यलं, सिस्टर," ती पुटपुटली. सकाळपासून तिला लघवीही झाली नव्हती.

डेंग्यूचा ताप उतरतो तेव्हाच खरा धोका सुरू होतो, आणि ही तर दोन जिवांची.

"तिला आता हलवायचं नाही. सलाईन चालू राहू द्या," मी म्हणाले.

"काहून रोकता? आज तिची ओटी भराची हाय. बाया येऊन बसल्या घरी."

म्हातारी हळूच बोलली, "न्या घरी... ताप गेला..."

पौर्णिमेचा नवरा कुशल खाणीत कामाला. त्यानं आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी डॉक्टरांना बोलवायला धावले. त्यांना घेऊन आले तर खाट रिकामी, सलाईन फरशीवर ठिबकत होतं. मला इतका संताप आला की रडूच फुटलं.

मी कुशलला फोन लावला. मागून बायांची गाणी ऐकू येत होती.

"पाटावर बसली हाय सिस्टर, एकदम ठीक हाय."

"तिला परत आणा. आत्ताच्या आत्ता!"

"हौ, ओटी झाली का आणतो."

"आणि ती म्हातारी कोण आहे तुमची?"

"आमची? ते तं तुमच्याच दवाखान्याची हाय न? तेच तं ओटी भरून राह्यली..."

दिवस मावळायच्या आत तिला आणलं. हिरवी साडी, हिरव्या बांगड्या आणि हिरड्यांतून रक्त. बीपी लागेना. डॉक्टरांनी होतं नव्हतं ते सगळं केलं. पौर्णिमा गेली, बाळही गेलं.

"ताप तं उतरला होता न, सिस्टर... मंग काहून?" तुळसाबाई माझा हात धरून पुन्हा पुन्हा विचारत राहिली. तिचा राग करावा की कीव, मला कळेना.

अंग पुसायचं म्हणून मी पौर्णिमेच्या पदराची गाठ सोडली. त्या म्हातारीनं भरलेल्या ओटीतले तांदूळ माझ्या ओंजळीत पडले, आणि मी ओरडून हात झटकले. तिचं अंग केव्हाच गार पडलं होतं. तांदूळ मात्र फणफणत होते.