सोळावी ढाल

शेकोटीजवळ सरका, आणि मध्येच खुसखुसू नका. ही माझ्या सख्ख्या मेहुण्याची गोष्ट, वेंडेल रंगाऱ्याची. मरेपर्यंत त्यानं यातला एक शब्द बदलला नाही.

सोळाशे अकरा साल, संत मार्टिनच्या सणाची रात्र. घरोघर हंस भाजत होते, आणि वेंडेल काळ्या रंगाचं मडकं घेऊन चरफडत चर्चकडे निघाला होता.

आठवड्यापूर्वी गढीवरच्या आगाथेबाईंना पुरलं होतं. थोरामोठ्यांची रीतच आहे, माणूस गेलं की त्याच्या सोळा खापरपणजोबा-खापरपणजींच्या घराण्यांची चिन्हं रंगवलेल्या सोळा ढाली चर्चच्या भिंतीवर टांगायच्या. त्या वेंडेलनंच रंगवल्या होत्या. आता बाईंचा सावत्र मुलगा लोथार म्हणतो, "सोळावी काळी कर. ती खापरपणजी व्यापाऱ्याची पोर होती, खानदानी नव्हे."

धादांत खोटं! पण कागद आगीत जळालेले, दाखवणार काय? सकाळी मठाचे दोन सरदार ढाली बघायला येणार होते. सोळाच्या सोळा दिसल्या, तर बाईंची मुलगी सिबिला खानदानी बायकांच्या मठात जाणार. एक जरी काळी निघाली, तर ती लोथारच्या साठीतल्या मित्राच्या गळ्यात.

"वेंडेल, नका हो असं करू." सिबिला चर्चच्या फाटकापर्यंत मागे आली.

"मग मी काय करू, बाईसाहेब? धनी मला गावात राहू देतील का?" तो तिच्यावरच खेकसला. खरा राग स्वतःचाच होता.

आत जाऊन त्यानं सोळाव्या ढालीवरचा तांबडा मासा काळा केला. मग पायरीवर बसून भाकर काढली, वर पाहिलं...

मासा तांबडाच.

"दिवसभराचा शीण, दुसरं काय!" त्यानं पुन्हा फासला. दाट फासला. ब्रश धुवायला वळला, परत पाहिलं.

तांबडा. कोरडा.

"अहो बाई, मेलात ना आता? मग पडा की गप्प!"

आगाथेबाईंचा जन्मच यात गेला होता. लग्नाआधी सासऱ्यानं विचारलं, मग सासूनं, मग या सावत्र पोरानं. तुझी माणसं कोण? दर वेळी बाई कावून एकच म्हणायच्या. अख्ख्या गढीला ते पाठ होतं.

वेंडेलनं तिसऱ्यांदा ब्रश उचलला. दिवा बारीक झाला. मागे रेशीम सळसळलं. जवळ आलं. अगदी कानाशी...

"किती वेळा सांगू?"

हातातला ब्रश कुणीतरी काढून घेतला. हलकेच. वेंडेल पळाला तो घरी जाऊन पलंगाखाली.

सकाळी सरदारांनी ढाली मोजल्या. सोळा. सिबिला त्याच दुपारी मठाच्या गाडीत बसली. मडकं मात्र तळापर्यंत रिकामं होतं, आणि चर्चमधल्या लोथारच्या बाकावरची, त्याच्या स्वतःच्या घराण्याची ढाल काळीकुट्ट झाली होती.

तीस वर्षं झाली त्याला. घासली, तासली, दुसरी करून बसवली. रंग अजून वाळलेला नाही.

हसताय? आज संध्याकाळीच हात लावून आलोय मी. दिवा आणा इकडे. हे बघा माझं बोट...