टेपचं दुमडलेलं टोक

जप्त केलेली जुनी रुग्णवाहिका पहिल्याच किल्लीला सुरू झाली, तेव्हा चालकाचा चेहरा उतरला.

फौजदारबाईंनी मास्तरांना तातडीने चौकीच्या आवारात बोलावून घेतलं होतं. मास्तर म्हणजे मोटारींचं वायरिंग शिकवणारे निवृत्त शिक्षक. चार दिवसांपूर्वी हीच गाडी चढावर वीस मिनिटं उभी राहिली आणि आतली बाळंतीण दगावली. इंजिन आपोआप बंद पडलं, असं चालक सांगत होता. मागे बसलेल्या सासूला एवढंच कळलं होतं, की गाडी थांबली. आज दोष सापडला नाही, तर चालकावर गुन्हा दाखल होणार होता.

गाडीची देखभाल त्याच्या सख्ख्या थोरल्या भावाकडे होती. त्या मिस्त्रीचा जबाब लेखी होता : आदल्या दिवशी इंजिनचं फिरणं मोजणारा क्रँक सेन्सर नवा बसवला, वायरिंगला हात लावला नाही, गाडी ठणठणीत आहे.

मास्तरांना आपल्या हातून चूक होईल अशी धास्ती होती. त्यात त्यांच्या तपासणीच्या मीटरची वायर एका जागी सोललेली निघाली. चौकशीला बोलावलेल्या मिस्त्रीनेच खिशातून टेप काढून ती गुंडाळली आणि शेवटी टोक आतल्या बाजूला दुमडलं.

"पुढच्याला सोडवायला बरं पडतं," तो म्हणाला.

सेन्सर चांगला होता. त्याची तार इंजिनच्या मेंदूपर्यंत, म्हणजे ते चालवणाऱ्या संगणकापर्यंत, जिथे पोचते, त्या टोकालाही आकडा बरोबर आला. मिस्त्री हसला. मास्तरांनी चष्मा पुसला आणि चालकाला विचारलं, "बंद पडण्याआधी किती वेळ चालवली होतीस?"

"अर्धा तास."

"मग अर्धा तास चालू ठेवू."

तेवढ्या वेळात मास्तरांचा चहा दोनदा होईल, असं मिस्त्री म्हणाला. कुणी हसलं नाही.

सव्विसाव्या मिनिटाला इंजिन बंद पडलं. किल्लीला कुणी हात लावला नव्हता. चालक मटकन खाली बसला.

मास्तरांनी लगेच पुन्हा मोजलं. सेन्सरपाशी आकडा तोच. मेंदूच्या टोकाला मात्र काहीच नाही. मग ते तारांच्या जुडग्यावरून बोट फिरवत गेले. सगळीकडची टेप वाळून कडक झाली होती. धुराच्या तापलेल्या नळीजवळ मात्र वीतभर टेप काळी, चकचकीत होती.

फौजदारबाई मिस्त्रीकडे वळल्या. "तुमच्या कारखान्यात आणखी कोण काम करतं?"

"मी एकटाच."

"आणि वायरिंगला हात लावला नाहीत?"

"नाही म्हटलं ना, बाई."

मास्तर खालमानेने बोलू लागले. आपलं चुकतही असेल, असं आधी म्हणाले. "सेन्सर बदलताना नळीच्या उष्णतेने ठिसूळ झालेली तार तुटली असणार. ती जोडायला कथलाचा डाग द्यायला हवा होता. इथे नुसता पीळ दिलाय. थंड असताना तो जुळून राहतो, तापला की सैल होतो. म्हणून वीस मिनिटांनी गाडी पुन्हा चालू झाली, आणि याच्यावर कुणी विश्वास ठेवला नाही."

त्यांनी चकचकीत टेपचं टोक दाखवलं. ते आत दुमडलेलं होतं. मग त्यांनी मीटरची वायर शेजारी धरली.

मिस्त्री म्हणाला, की दुसऱ्या दिवशी डाग देणारच होता. त्याआधीच बोलावणं आलं आणि गाडी गेली.

"आणि नंतर?" फौजदारबाईंनी विचारलं.

"नंतर बाई मेलेली होती."

"दादा," चालक जमिनीवरूनच म्हणाला, "मी तुला म्हटलं होतं, ती आपोआप बंद पडली. तू माझ्या डोळ्यांत बघून म्हणालास, तुझीच चूक असेल. चार दिवस मला तेच खरं वाटत होतं."

फौजदारबाईंनी विचारलं, लपवायचंच होतं तर आज मीटरवरचं टोक का दुमडलं?

तो आपल्या हातांकडे पाहत राहिला. "ते मी केलं नाही. हातांनी केलं."

त्याला आत नेलं. चालक मागे गेला नाही, घरीही गेला नाही. मास्तरांनी आवरताना मीटरवरची टेप काढायला घेतली. दुमडलेलं टोक धरून ओढताच ती एका झटक्यात सुटून आली.